आठवं मिनिट

सालमियातल्या एका भारतीय शाळेत मी एकवीस वर्षं इतिहास शिकवतो आहे. साम्राज्यं कशी मोडली आणि वसाहतींनी आपापली सरकारं कशी उभी केली, हा माझा हातखंडा धडा. अमेरिकेतल्या तेरा वसाहती मी इतक्या रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. राजा समुद्रापार, कर मात्र आपल्या दारात, आणि जिथे निर्णय होतात तिथे आपला एकही माणूस नाही. असं किती दिवस चालणार, असं मी विचारतो आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "नॉट लाँग, सर." मग मी भारतावर येतो आणि शेवटी आम्ही ज्याचं मीठ खातो त्या कुवेतवर. एकोणीसशे एकसष्टच्या जूनमध्ये इंग्रजांचं संरक्षण संपलं, पुढच्या वर्षी घटना आली. राष्ट्रीय दिन मात्र साजरा होतो फेब्रुवारीत. जूनच्या उन्हात स्वातंत्र्यसुद्धा नकोसं वाटतं, हा माझा ठरलेला विनोद आहे. त्याला पहिल्या बाकावरची मुलं दर वर्षी हसतात.

एवढं सगळं शिकवणारा मी स्वतः अकरा वर्षं एका साम्राज्याची इमानेइतबारे चाकरी करत होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते माझ्या बायकोने लक्षात आणून दिलं. आमच्या घरी बहुतेक गोष्टी तीच लक्षात आणून देते.

ते साम्राज्य म्हणजे आमचं मराठी मंडळ. राजधानी सालमिया. सिंहासनावर सतरा वर्षं डॉक्टर राजश्रीताई. बाई वाईट मुळीच नव्हत्या. इथल्या निम्म्या मराठी पोरांना त्यांनीच जगात आणलेलं, आणि त्या नसत्या तर मंडळ चार महिन्यांत विस्कटलं असतं. पण तारीख त्या ठरवणार, जेवणातली भाजी त्या ठरवणार, आणि निवेदन करणारीने कुठल्या रंगाची साडी नेसायची हेसुद्धा त्याच ठरवणार. कार्यकारिणीत सगळे सालमियाचे डॉक्टर, इंजिनिअर आणि बँकवाले.

आम्ही राहतो खाली अबू हलीफात. इथे आमच्यासारखी चार-सहा कुटुंबं सोडली तर बाकी मराठी वस्ती कोकणातल्या कारागिरांची. सुतार, एसीवाले, रंगारी, एकेका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण, बायकापोरं गावी. मंडळाचा कार्यक्रम असला की ही मंडळी सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला उठून सालमियाला जायची. स्टेज बांधायची, पडदे टांगायची, खुर्च्या मांडायची आणि कार्यक्रम संपला की सगळं उतरवून बसने परत यायची. कार्यकारिणीत यांच्यातला एकही नव्हता. हे सगळं डोळ्यांसमोर असताना मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन तेरा वसाहतींवर घसा फोडून बोलत होतो, याला काय म्हणावं?

माझ्याकडे मंडळात मोठं खातं होतं. मी घंटा वाजवत असे. आमच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक घंटा बसली तेव्हा जुनी पितळी हातघंटा अडगळीत चालली होती, ती मी मागून घेतली. राजश्रीताईंना ती फार आवडली. तेव्हापासून पहिल्या रांगेत, त्यांच्या उजव्या हाताला माझी खुर्ची आणि समोर टेबलावर घंटा. कलाकाराची वेळ संपली की ताई नुसतं बोट उचलायच्या आणि मी घंटा वाजवायचो. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. शिक्षकाला कुणी हातात घंटा दिली की तो बाकी काही मागत नाही.

अबू हलीफाचा कार्यक्रम नेहमी एकच आणि नेहमी शेवटचा. काशिनाथभाऊंची जाखडी. काशिनाथभाऊ गुहागरकडचे सुतार, वय एकोणसाठ, अंगाने काटक आणि बोलायला अगदी कमी. पण पायात चाळ बांधले आणि ढोलकी सुरू झाली की हा माणूस वेगळाच व्हायचा. ते शाहीर होते, पदं स्वतः रचायचे. जाखडी म्हणजे कोकणातला गोल रिंगणातला नाच. गावाकडे ती अर्धा दिवससुद्धा चालते. आधी गण, मग गवळण, मग एका गटाने पदातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने जवाब द्यायचा. कुवेतमध्ये तिला सात मिनिटं मिळायची. सात मिनिटांत गण होतो. गण संपायला आणि माझी घंटा वाजायला एकच गाठ पडायची. काशिनाथभाऊ हात जोडायचे आणि लगेच हातोडी घेऊन स्टेज सोडवायला लागायचे. माझी तेव्हा समजूत अशी होती की जाखडी एवढीच असते.

गेल्या नोव्हेंबरात दिवाळीचा कार्यक्रम झाला. हॉल दुपारी दोन ते सहा घेतला होता. ताईंच्या भाचीचं भरतनाट्यम बावीस मिनिटं चाललं, त्यात ताईंचं बोट काही वर गेलं नाही. मग लहान मुलांची वेशभूषा रेंगाळली, कारण दोन शिवाजी महाराज एकाच वेळी स्टेजवर आले आणि कुणीच मागे हटेना. जाखडीवाले रिंगणात उभे राहिले तेव्हा सहाला सात कमी होते. चौथ्याच मिनिटाला ताईंनी बोट उचललं. मी घंटा वाजवली.

काशिनाथभाऊंचा एक पाय त्या वेळी हवेत होता. चाळ वाजू नयेत म्हणून त्यांनी तो अगदी सावकाश खाली ठेवला. मग हात जोडले, चाळ सोडले आणि हातोडी शोधायला वाकले. मी घंटा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

परत येताना गाडी मी सावकाश चालवत होतो. माझी बायको रेखा सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, माहेर तिचं चिपळूण. ती गप्प असली की मी वेग कमी करतो. फहाहीलच्या रस्त्याला लागल्यावर तिने सांगितलं की खुर्च्या उचलताना तिला रूपेश भेटला. हा रूपेश एसीचं काम करतो, लांज्याचा, काशिनाथभाऊंच्या फ्लॅटमध्येच राहतो. त्याच्याकडून तिला कळलं की कंपनी काशिनाथभाऊंचा करार पुढे वाढवणार नाही. मार्चमध्ये ते कायमचे गावी चालले. म्हणजे आजची जाखडी त्यांची इथली शेवटची. इथे एकदा तरी पुरी जाखडी म्हणायची, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी रूपेशशिवाय कुणालाही सांगितली नव्हती.

"अहो, तुम्ही वर्गात रोज शिकवता तरी काय?" रेखाने विचारलं.

मागच्या सीटवरून आमची आर्या बोलली. ती माझ्याच शाळेत नववीत आहे आणि मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्याची तिला जन्मापासून सवय आहे. "पप्पा, इन धिस स्टोरी यू आर द रेडकोट."

लाल डगला घालून राजाच्या वतीने बंदूक धरणारा शिपाई. तो धडा मीच तिला शिकवला होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो ती खरं बोलल्याचा राग होता.

पुढच्या शुक्रवारी आमच्या बैठकीच्या खोलीत एकोणीस माणसं जमली. चपला लिफ्टपर्यंत गेल्या. रूपेशने मोबाइलवर तक्रारींची यादी लिहून आणली होती. स्टेज आम्ही बांधायचं, निर्णय तिकडे. जेवण आम्ही वाढायचं, आम्हाला उरलंसुरलं. सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात मोठी तक्रार, सात मिनिटं. मी यादी कागदावर उतरवताना शुद्धलेखन सुधारलं, दोन-तीन वाक्यं जरा भारदस्त केली, शेवटी 'अबू हलीफाचं मंडळ आजपासून वेगळं' असं लिहिलं आणि खाली अठरा सह्या आल्या. एकोणिसावे काशिनाथभाऊ, त्यांनी सही करायला नकार दिला. भांडण नको, असं त्यांचं म्हणणं. रेखाने त्यांना चहा दिला, शेजारी बसली आणि पेन हातात ठेवलं. तिच्यासमोर रुग्णसुद्धा फार वेळ नाही म्हणत नाहीत.

आमचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मी राजश्रीताईंना व्हॉट्सॅपवर पाठवला. साम्राज्य आता काय करेल, सैन्य पाठवेल की व्यापार बंद करेल, या विचारात मी दोन तास काढले. मग उत्तर आलं. आधी एक अंगठा. त्याखाली, "शुभेच्छा. स्टेजचं सामान कुणाकडे राहील ते कळवा." एवढंच.

स्वातंत्र्य इतक्या सहज मिळालं की आम्हाला थोडं अपमान झाल्यासारखंच वाटलं.

पुढचा महिना-दीड महिना आमच्यावर कुणाचंच राज्य नव्हतं. वसाहतींचंही सुरुवातीला असंच झालं होतं. राजा नको म्हणून त्यांनी मध्यवर्ती सरकारच इतकं दुबळं ठेवलं की कुणी कुणाचं ऐकेना. आम्ही समुद्रकाठी सहल ठरवली. कुणी काय आणायचं हे कुणी कुणाला सांगायचं नाही, कारण सांगणं म्हणजे हुकूमशाही. परिणामी अकरा घरांतून मसालेभाताचे अकरा डबे आले. पाणी कुणीच आणलं नाही. आमच्यातलेच, पण शेजारच्या मंगफला राहणारे चौघं वेगळ्याच किनाऱ्यावर जाऊन बसले आणि तिथून फोन करून आम्हीच चुकलो असं सांगू लागले. काशिनाथभाऊ मात्र खुशीत होते. भात तरी भरपूर हाय, म्हणाले.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. घटना लिहायला इतिहासाच्या मास्तराशिवाय दुसरं कोण? मी वरकरणी नको-नको म्हणालो आणि त्याच संध्याकाळी नवी वही आणली.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठवडे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या घटना शिकवल्या, आता माझी स्वतःची. चौदा कलमं झाली. कोणीही दोन वर्षांपेक्षा जास्त अध्यक्ष राहणार नाही. कार्यकारिणीत निम्मे लोक कारागिरांमधले. स्टेज बांधायला सगळ्यांनी यायचं, डॉक्टर असो की सुतार. चौथं कलम माझं सगळ्यात लाडकं: कार्यक्रमात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, लहान-मोठा न पाहता, समान वेळ. आणि पुढे कुणी हुकूमशहा येऊन हे बदलू नये म्हणून नववं कलम: घटनेत बदल करायचा तर सात दिवस आधी नोटीस आणि सभेत दोन तृतीयांश मतं.

मी घटना वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. रेखाने फक्त एक विचारलं, यात काशिनाथभाऊंचं नाव कुठे आहे? मी तिला समजावून सांगितलं की घटना एका माणसासाठी नसते, ती तत्त्वासाठी असते. ती बरं म्हणाली. तिचं ते बरं मी नीट ऐकायला हवं होतं.

निवडणूक झाली आणि रेखा अध्यक्ष झाली. मी तिलाच मत दिलं. मतदान गुप्त होतं, तरी घरी आल्यावर तिने ते विचारून घेतलं.

पहिला कार्यक्रम राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला, पंचवीस फेब्रुवारीला ठरला. अबू हलीफातल्याच एका हॉटेलच्या वरचा हॉल, दोन ते सहा. इथल्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या दिवशीच आमचंही, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटलं. नावं मात्र धडाधड येऊ लागली. इतकी वर्षं सालमियात ज्यांना कुणी विचारलं नाही ते सगळे आता गाणार, नाचणार, पेटी वाजवणार होते. एका प्लंबरने जादूचे प्रयोग करतो म्हणून कळवलं. नाव द्यायची मुदत संपली शुक्रवारी, आणि कार्यक्रम मंगळवारी. मी मोठ्या समाधानाने यादी घेऊन बसलो. तीस कार्यक्रम झाले होते. चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. मी भागाकार केला.

प्रत्येकाला आठ मिनिटं.

मी पुन्हा भागाकार केला. मग वही मिटली, पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा केला. ज्या माणसासाठी साम्राज्य मोडलं, त्याला नव्या राज्याने एक मिनिट वाढवून दिलं होतं. कलम बदलायचं तर सात दिवसांची नोटीस हवी, आणि हातात होते चार. ती तरतूद मीच केली होती, हुकूमशहासाठी.

रूपेश आला तो यादी बघून तापलाच. "सर, ह्याच्यासाठी वेगळे झालो काय आपण? राज्य बदललं, घंटा तीच." मी त्याला म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा. बोलताना मला माझ्याच आवाजात राजश्रीताई ऐकू आल्या.

काशिनाथभाऊ दाराशी उभे राहून हे ऐकत होते. त्यांना हसू आलं. "एक मिनिट वाढला ना? मग ऱ्हाऊ द्या. गण तरी घाईत म्हणायला नको." असं म्हणून ते स्टेजच्या फळ्या मोजायला गेले. ते रागावले असते तर मला झोप आली असती.

त्यांनी आणखी एक उद्योग करून ठेवला होता, तो आम्हाला नंतर कळला. आदल्या आठवड्यात ते बस बदलून सालमियाला गेले, राजश्रीताईंच्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या रांगेत तासभर बसले आणि त्यांना कार्यक्रमाचं आमंत्रण देऊन आले. रूपेशने कारण विचारलं तर म्हणाले, "येगळी चूल मांडली म्हणून काय थोरल्या घराला जेवायला बोलवायचा नाय?" पाहुण्या आल्या म्हणजे त्या बोलणार. चौथ्या कलमाप्रमाणे त्यांनाही आठ मिनिटं. त्यांचं नाव कुणीतरी कळवलं तसं मी ते यादीत घातलं होतं, पण ते कुणी सुचवलं हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी मी घटनेची वही उघडून बसलो होतो. रेखा ड्यूटीवरून आली, पर्स ठेवली आणि वही माझ्या हातातून काढून घेतली. चौथं कलम तिने दोनदा वाचलं.

"प्रत्येकाला समान वेळ, बरोबर?"

"बरोबर."

"ती वेळ दुसऱ्याला देऊ नये असं कुठे लिहिलंय?"

मी चौदाही कलमं तपासली. कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्याची वेळ कापायची सोय करायला मी विसरलो नव्हतो, पण आपली वेळ कुणी आपणहून देईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेखाने आपल्या नर्सेसच्या समूहगीतासमोर रेघ मारली, बाकीच्यांना ती ड्यूटीवरच विचारून आली होती. माझं 'स्वातंत्र्याचा अर्थ' या विषयावरचं भाषण होतं, त्यावरही मारली. मला न विचारता. खरं म्हणजे ती मीच मारायला हवी होती. आर्या आतून गिटार घेऊन आली आणि म्हणाली, "ही कॅन हॅव फोर. आय नीड द अदर फोर." बाकी कुणाला सांगायचं नाही, ज्याचं त्याला वाटलं तर बघू, असं आमचं ठरलं.

मंगळवारी रस्ता झेंड्यांनी फुलला होता. गाड्यांच्या काचांतून पोरं कंबरेपर्यंत बाहेर येऊन झेंडे हलवत होती. हॉलमध्ये स्टेज बांधायला सकाळी सगळे आले. दोन इंजिनिअर आणि एक डॉक्टर फळ्या धरून उभे होते, आणि काशिनाथभाऊ त्यांना खिळा कुठे ठोकायचा ते अतिशय अदबीने सांगत होते. माझं काम माझ्याकडेच राहिलं होतं. पहिली रांग, टेबल, घंटा.

कार्यक्रम झकास चालला. दर आठ मिनिटांनी मी घंटा वाजवत होतो, अगदी सारखी, सगळ्यांना. जादूवाल्या प्लंबरचं कबूतर म्हणजे कापसाचा बोळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं आणि तरीही टाळ्या पडल्या. नर्सेसच्या गाण्याची पाळी आली तेव्हा रेखा माइकपाशी गेली आणि म्हणाली की आमची आठ मिनिटं आम्ही काशिनाथभाऊंच्या जाखडीला दिली आहेत. हॉलमध्ये कुजबुज झाली. माझं भाषण रद्द झाल्याचं तिने सांगितलं तेव्हा मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मी मनाला लावून घेतला नाही. आर्याने चार मिनिटांत गिटार आटोपली. तिच्यानंतर लावणी करणाऱ्या बाई तीन मिनिटांत थांबल्या आणि उरलेली दिली. मग आणखी चार-पाच जणांनी आपापली थोडी-थोडी मिनिटं दिली, आणि मंगफवाल्यांनी तर आपलं अख्खं प्रहसन दिलं. ते त्यांचं पाठच झालं नव्हतं असं रूपेश म्हणतो, पण दान ते दान.

चारच्या सुमारास राजश्रीताई आल्या. मिरवणुकीच्या गर्दीत त्यांची गाडी दीड तास अडकली होती. मी उठून त्यांना माझ्या उजव्या हाताला खुर्ची दिली. जागा तीच, फक्त बाजू बदलली होती. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या माइकपाशी गेल्या, हातातलं कार्ड वाचलं आणि जरा हसल्या.

"मला आठ मिनिटं दिली आहेत," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं वेळ मीच वाटत होते, मला कुणी दिली नव्हती. फार बरं वाटलं. काशिनाथ मला आमंत्रण द्यायला आले होते, तेव्हा मी त्यांना विचारलं की या वेळी काय म्हणणार. ते म्हणाले, गणाच्या पुढचं. मला माहीतच नव्हतं की पुढे काही असतं. मला कुणी सांगितलं असतं तर मी वेळ दिली असती. माझी सगळी मिनिटं त्यांना."

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या खरंच बोलत होत्या. बाईंनी वेळ दिली असती. अकरा वर्षं त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर मी बसलो होतो. एकदा वाकून विचारलं असतं की ताई, यांना अर्धा तास देऊ या का, तर एवढं साम्राज्य मोडायचं कामच पडलं नसतं. मी विचारलं नाही, कारण मला घंटा वाजवायला आवडत होतं. शरम वाटली, आणि ती वाटली हे बरंच झालं.

जाखडी उभी राहिली तेव्हा पावणेपाच वाजले होते. सव्वा तास पुढे मोकळा होता. आठ जण रिंगणात, कंबरेला शेले, पायात चाळ. रूपेश समोरच्या बाजूला. त्याचा गाव जाखडीत दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे सवाल आला तर जवाब त्यानेच द्यायचा. ढोलकीवर थाप पडली आणि काशिनाथभाऊंनी गण धरला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तो घाई न करता म्हटला. एकेक ओळ घोळवून, पाऊल पुरतं टेकवून. मी अकरा वर्षं ऐकलेला गण तो हाच होता का, अशी शंका आली.

गण संपला. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. आठवं मिनिट सरत आलं होतं.

आणि काशिनाथभाऊ थांबले. त्यांचे पाय आपोआप थांबले. पाठोपाठ सगळं रिंगण थांबलं, ढोलकी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं आणि दोन्ही हात अर्धे वर आले, जोडायला. आपल्यापुढे वेळ मोकळी आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण अकरा वर्षांची सवय एका दिवसात कुठून जाणार? त्यांच्या पायांना अजून कुणी स्वातंत्र्य सांगितलं नव्हतं.

मी उठलो. घंटा उचलली, आत बोट घालून लोलक घट्ट धरला म्हणजे चुकूनही वाजणार नाही, आणि तशीच स्टेजच्या कडेला नेऊन त्यांच्या पायांशी ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. भाषण तर रद्द झालं होतं.

"काशिनाथभाऊ, पुढचं म्हणा," मी म्हणालो. "मला पुढचं माहीत नाही."

त्यांनी ते जोडायला आलेले हात खाली घेतले आणि शेल्याची गाठ आवळली. मला वाटलं त्यांचे डोळे भरलेत, पण भरले होते ते माझे. ते तर हसत होते.

"मग बसा, मास्तर," ते म्हणाले. "लांब हाय."